हातांच्या भाषेला सर्व्हर शोधताना

माझा मोठा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. नालवाडीच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे मुका म्हणायचे, अगदी तोंडावर, कारण त्याला ऐकू जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र ऐकू जायचं. दुकानात, बँकेत, दवाखान्यात त्याच्या वतीनं बोलायचं काम माझ्याकडे लहानपणीच आलं. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. तरी त्याचं काही बिघडलं की चूक माझीच असणार, ही भीती तेव्हापासून माझ्या अंगात मुरली ती मुरलीच.

दादा वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये गेट आणि ग्रिल बनवतो. मी वर्ध्यात एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवते. दादा हातांनी बोलतो. त्याचं बोलणं मी इथे आमच्या घरच्या बोलीत लिहिते आहे, कारण माझ्या मनात ते तसंच उमटतं.

दर रविवारी सकाळी पवनारला धाम नदीच्या काठावर त्याचे मित्रमैत्रिणी जमायचे. वीस-पंचवीस जण, सगळे न ऐकणारे, कोणी आर्वीकडून, कोणी देवळीकडून बसनं येणारे. आठवडाभर घरात कोणी त्यांच्याशी धड बोललेलं नसायचं, म्हणून तिथे नुसता हातांचा कल्लोळ चालायचा. मधल्या दिवसांत ते एकमेकांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचे. मोबाइल भरला की ते पुसावे लागायचे. मग कोणीतरी ते एका मोठ्या, सगळ्यांना फुकट असलेल्या वेबसाइटवर टाकायला लागलं, आणि तिथेच घात झाला. त्यांच्यातल्या एका मुलीनं आपल्या लग्नाची बातमी हातांनी सांगितली होती. कोणीतरी तो व्हिडिओ उचलला, त्यावर एक उडतं गाणं बसवलं, आणि जिल्हाभर मोबाइल-मोबाइलवर लोक हसले. ती मुलगी रविवारी यायची बंद झाली.

त्या आठवड्यात दादानं मला समोर बसवलं.

"आपली जागा पाहिजे," तो म्हणाला. "आपल्याच लोकायची. बाहेरच्याले दिसाले नाई पाहिजे. तू कंप्युटर शिकवतं ना? मंग बनव."

क्लासमध्ये टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते शिकवणं वेगळं आणि वेबसाइट उभी करणं वेगळं, हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी हो म्हटलं.

वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा इंटरनेटवर फुकट मिळाला. महिनाभर डोकं लावून मी तो बसवला. खरा घोर लागला तो हे सगळं ठेवायचं कुठे याचा. वेबसाइटला जागा लागते, म्हणजे कुठल्यातरी शहरात कायम चालू असलेली मशीन, सर्व्हर, आणि तिच्यातली जागा भाड्यानं देणाऱ्या कंपन्या. मी त्यांची पानं वाचायला लागले. प्रत्येक पानावर तेच, सगळं अमर्याद. जागा अमर्याद, वापर अमर्याद. खाली बारीक अक्षरात अटी असायच्या. मी त्या तीन-तीनदा वाचायची आणि चौथ्यांदा वाचताना वेगळाच अर्थ लागायचा.

शिवाय आमची गरज जराशी वेगळी होती. साध्या व्हिडिओत चित्र अडकलं तरी आवाज चालू राहतो, माणसाला अर्थ लागतो. हातांच्या बोलण्यात चित्र अडकलं की सगळंच संपलं. त्यातून नकार वाक्याच्या शेवटी येतो. "मी गेलो" आणि "मी गेलो नाही" यांत शेवटच्या एका झटक्याचा फरक. तेवढाच अडकला तर आई दवाखान्यात दाखल झाली की नाही, हेसुद्धा उलटं कळायचं. मी रात्रंदिवस हेच घोकत असायची. एका कंपनीची मशीन मुंबईत, दुसरीची परदेशात, तिसरी सांगतच नव्हती. कोणाला विचारावं तर घरात बाबा. ते पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले.

"कुठंतरी सही करून टाक बाप्पा," ते म्हणायचे. "तू पोरगी पाहायले निघाल्यासारखं करून राह्यली."

शेवटी मी जी कंपनी निवडली ती एकाच कारणासाठी. तिला फोन करता येत होता. फोन केला की हिंदीत बोलणारा माणूस लगेच उचलायचा. माणसाचा आवाज ऐकला की मला धीर यायचा. मी दादाला अभिमानानं तो नंबर दाखवला.

त्यानं नंबर पाहिला, पान वर-खाली केलं. "लिहून नाई विचारता येत त्यायले?"

"नाई. फोनच करा लागते."

"मंग मी कसा विचारू?"

"मी हाव ना," मी म्हटलं.

त्यानं ते पान बंद केलं. आज वाटतं, तिथेच मी थांबायला हवं होतं.

वेबसाइट चालली. पहिल्या दिवशी अकरा व्हिडिओ आले, मग रोज येत गेले. कोणी विहारातला कार्यक्रम सांगायचं, कोणी कापूस वेचणीच्या मजुरीवरून झालेलं भांडण, कोणी नुसती आज केलेली भाजी. लग्नाची बातमी सांगणारी ती मुलगी परत आली आणि तिनं नवऱ्याला शेजारी बसवून नवा व्हिडिओ केला. त्या दिवशी दादा वर्कशॉपमधून आला तो अंगणातच उभा राहून तीनदा बघत राहिला.

एका व्हिडिओचं मात्र मला ओझं वाटायचं. रोहणा गावच्या एका बाईनं तो टाकला होता. ती बाई स्वतः ऐकते-बोलते, तिची आई मात्र ऐकू न येणारी. आई कधी शाळेत गेली नव्हती, त्यामुळे शाळेत शिकवतात त्या खुणा तिला ठाऊक नव्हत्या. तिनं आयुष्यभरात स्वतःच्या खुणा बनवल्या होत्या. पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची वेगळी, निंदणाची वेगळी, घरातल्या प्रत्येक बकरीची वेगळी. लेकीनं तिला अंगणात बसवून वीस मिनिटं बोलतं केलं होतं. व्हिडिओ टाकल्यावर दोनेक महिन्यांत आई गेली. पाठोपाठ लेकीचा मोबाइल विहिरीत पडला. म्हणजे त्या माउलीचं बोलणं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, मी भाड्यानं घेतलेल्या जागेत.

ती बाई दर पंधरा दिवसांनी फोन करायची. "ताई, मायचा व्हिडिओ हाय ना जागेवर?"

"हाय ना. काळजी नका करू."

फोन ठेवला की मी आधी तो उघडून बघायची. वेबसाइटची एक जादा प्रत दर आठवड्याला आपोआप निघेल अशी सोय मी केली होती, तोच काय तो आधार वाटायचा.

मग बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना दवाखान्यात भरती केलं आणि मी पाच दिवस त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होते. मोबाइल फक्त नातेवाइकांचे फोन घ्यायला. ईमेल उघडायचं भान कोणाला होतं? त्यातल्या पहिल्या तीन दिवसांतच कंपनीचे तीन इशारे येऊन पडले होते. आमच्या खात्यामुळे मशीनवर ताण येतो आहे, वापर कमी करा, नाहीतर खातं बंद करू.

पाचव्या दिवशी दादा वॉर्डाच्या दारात दिसला. दोन्ही हात पॅन्टच्या खिशात. त्याला काही सांगायचं नसलं की तो हात खिशात घालतो.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यानं बाबांकडे पाहिलं. मी त्याला ओढतच जिन्यापाशी नेलं, तेव्हा कुठे हात बाहेर आले. वेबसाइट आदल्या दिवशी सकाळपासून बंद होती. लोक त्याला विचारत होते. त्यानं माझ्या वहीतून कंपनीचा नंबर काढला होता. वर्कशॉपच्या मालकाच्या हातापाया पडून त्यांना फोन लावायला लावला होता. पलीकडच्या माणसानं विचारलं, खातं कोणाच्या नावावर आहे, त्यांच्याशीच बोलू. मालकांनी सांगून पाहिलं, की बाबा, ज्याची वेबसाइट आहे तो समोरच उभा आहे पण बोलू शकत नाही. पलीकडचा म्हणाला, तर मग बोलू शकणाऱ्याला द्या.

"दोन घंटे मी फोनकडं पाहत बसलो," दादा म्हणाला. "फोनले हात थोडी दिसतात?"

मी जिन्यावरूनच फोन लावला. नेहमीचाच गोड आवाज.

"मॅडम, आपके व्हिडिओ की वजह से बाकी लोगों की वेबसाइट स्लो हो रही थी. तीन मेल भेजे थे."

"पण तुमच्या पानावर तर अमर्याद लिहिलं आहे," मी मराठीतच ओरडले आणि मग तेच हिंदीत पुन्हा सांगितलं.

त्यानं बारीक अक्षरातली अट वाचून दाखवली. व्हिडिओ साठवण्यासाठी ही जागा नाही. मी ती वाचली होती. ती आमच्यासाठी नसेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. एकाच घरात आठ भाडेकरू, टाकी एकच, आणि दिवसभर मोटर आमची चालू, असा तो प्रकार होता.

"माझ्याकडे जादा प्रत आहे," मी म्हटलं. "ती तरी द्या."

त्यानं बघितलं. "मॅडम, वो बैकअप भी इसी अकाउंट में रखा है आपने."

म्हणजे कुलूप आणि किल्ली मी एकाच पेटीत ठेवून पेटी बंद केली होती. मी जिन्याच्या पायरीवर बसले. रोहण्याच्या बाईला आता काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बरीच विनवणी केल्यावर तो वरिष्ठांना विचारून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खातं उघडून देऊ, तेवढ्यात जे उतरवायचं ते उतरवून घ्या, मग सगळं पुसलं जाईल. वेग मात्र त्यांनी बांधून दिलेलाच मिळणार.

दुसऱ्या दिवशी मावशीला बाबांजवळ बसवलं आणि मी दादाला घेऊन क्लासमध्ये गेले. दहाच्या ठोक्याला सुरुवात केली. पहिला मोठा व्हिडिओ उतरायला किती वेळ लागला ते पाहून हिशेब मांडला. सगळे व्हिडिओ उतरायला पूर्ण दोन दिवस लागले असते. आमच्याकडे होते आठ तास.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कोणी व्हिडिओ टाकला की आमची वेबसाइट त्याची एक छोटी, अंधूक प्रतही बनवायची. रेंज कमी असलेल्या गावांत ती तरी न अडकता दिसावी म्हणून. मशीनवर ताण आला होता तोही याच कामानं. या छोट्या प्रती भराभर उतरल्या असत्या. म्हणजे दोनच वाटा होत्या. निवडक व्हिडिओ मूळ रूपात वाचवायचे आणि बाकीच्यांवर पाणी सोडायचं, नाहीतर सगळ्यांच्याच अंधूक प्रती घ्यायच्या.

माझं मन सरळ म्हणत होतं, आधी रोहण्याचा मूळ घे. मी दादाला विचारलं.

त्यानं मला एक छोटी प्रत उघडायला सांगितली. पडद्याच्या जवळ तोंड नेऊन तो बघत बसला. घड्याळाचा काटा सरकत होता. तो शांतपणे दुसरी प्रत बघायला लागला.

"लवकर सांग ना!"

"बोटानं काढलेली अक्षरं फुटतात," तो म्हणाला. "गावायची नावं, माणसायची नावं नाई कळत. पण बोलणं कळते. पूर्णच कळते." मग माझ्याकडे वळून, "सगळ्यायचं घे. कोणाचं ठेवाचं अन् कोणाचं सोडाचं, हे मी ठरवाले गेलो तर रविवारी त्यायले तोंड कसं दाखवू?"

मी तसंच केलं. छोट्या प्रती उतरत राहिल्या. मध्येच दोनदा संपर्क तुटला आणि दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. अडीचच्या सुमारास शेवटची प्रत उतरली. तीनशेच्या वर व्हिडिओ, एकही सुटला नव्हता. मग उरलेल्या वेळात मूळ व्हिडिओ घ्यायला लागलो. पहिला रोहण्याचाच लावला. तो मोठा होता, वीस मिनिटांचा. तीन-चतुर्थांश आला आणि फाइल तुटली. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच तुटली. कंपनीला फोन केला तर मूळ फाइलच आमच्या खात्यात शेवटाकडे बिघडलेली निघाली. कधी बिघडली होती कोण जाणे. मी दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर उघडून बघायची ती छोटी प्रतच असायची. सहा वाजेपर्यंत बाकीच्यांपैकी पंधरा-वीस मूळ व्हिडिओ हाती लागले. मग पडदा पांढरा झाला.

रोहण्याला मी फोन केला नाही. बाबा घरी आल्यावर दादाला सोबत घेऊन बसनं गेले. त्या बाईच्या ओसरीवर बसून मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझी चूकही. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळत नव्हतं. मी लॅपटॉपवर ती छोटी प्रत लावली. आईचा चेहरा पुसट, साडीचे काठ एकमेकांत मिसळलेले. हात मात्र चालत होते.

बराच वेळ बाई पाहत राहिली. मग तिनं दादाकडे वळून विचारलं, "तुमाले समजते का, माय काय म्हनते ते?"

मी ते त्याला हातांनी सांगितलं. दादानं मान हलवली, अर्धं हो, अर्धं नाही. मग पडद्यावरच्या बाईची एक खूण स्वतःच्या हातांनी करून दाखवली आणि भुवया उंचावून विचारलं, ही काय?

"थे? थे आमची चितकबरी बकरी," ती म्हणाली, आणि रडायला लागली. संध्याकाळच्या बसपर्यंत ती एकेका खुणेचा अर्थ सांगत गेली आणि मी लिहून घेत गेले. तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. त्यामुळे मला आणखीच अपराधी वाटलं.

दुसऱ्यांदा सर्व्हर शोधताना मी पानांवरचं काही वाचलंच नाही. आमचं काम काय आहे ते स्पष्ट लिहिलं, व्हिडिओच ठेवायचे आहेत, किती, कोण बघणार, आणि पाच कंपन्यांना पाठवलं. प्रश्न मोजकेच विचारले. व्हिडिओ चालतील ना? वेगळी मशीन मिळेल ना, भाडेकरूंच्या घोळक्यातली नको? तुमच्याशी संबंध तुटला तर आमचा माल किती दिवस ठेवाल? दोन कंपन्यांनी उत्तरात माझा फोन नंबर मागितला. एकीनं पुन्हा अमर्याद हा शब्द वापरला. उरलेल्या दोघींनी नीट लिहून कळवलं. अमर्याद काही नाही, एवढं मिळेल, त्यापुढे असं होईल. ते वाचून उलट मला बरं वाटलं.

त्या दोघींपैकी कोण, हे दादानं ठरवलं. दोन्हीकडे थोड्या दिवसांसाठी जागा घेऊन एकच व्हिडिओ ठेवला, आणि त्यानं पवनार, रोहणा, आर्वी, जिथे-जिथे आपली माणसं आहेत तिथे बघायला सांगितलं. त्या व्हिडिओत तोच वीस वाक्यं बोलला होता, निम्मी होकाराची, निम्मी नकाराची, आणि बघणाऱ्यानं काय कळलं ते परत सांगायचं. या दोघींतल्या पहिल्या कंपनीच्या व्हिडिओत रोहण्याला सहा नकारांचे होकार झाले. दुसरीची मशीन मुंबईत होती. तिच्यात एकच चुकला, आणि तो दादानंच घाईत केला होता, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

अर्ज भरताना खात्याच्या नावापाशी माझं बोट अडलं. सवयीनं मी माझं नाव टाकलं होतं. दादानं ते खोडलं आणि स्वतःचं टाकलं.

"काही झालं तर?" मी विचारलं. "मी नसली तर?"

"तू नसली तं मी लिहीन."

त्याचं लिहिणं त्याच्या हातांच्या क्रमानं चालतं. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, विभक्ती तर नाहीच. ते लोक हसतील, उत्तरच देणार नाहीत, या धास्तीनं मी पहिले काही दिवस त्याचं पत्र आधी मला दाखव म्हणून मागे लागले होते. त्यानं दाखवलं नाही.

आता जादा प्रत दोन डिस्कवर असते. एक आमच्या कपाटात, एक वर्कशॉपच्या मालकांकडे. माझी भीती तरी गेलेली नाही. सकाळी डोळे उघडले की चहाआधी मी वेबसाइट उघडते. घरात कोणी आजारी पडलं की पहिल्यांदा ईमेल बघते आणि मग माझी मलाच लाज वाटते.

परवा क्लास सुटल्यावर घरी आले तर दादा जेवत होता. एका हातानं त्यानं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. दुपारी वेबसाइट बंद पडली होती. त्यानं कंपनीला लिहिलं होतं, 'व्हिडिओ सगळे अटक. एक वाजता पासून. मी काही बदल नाही. बघा.' वीस मिनिटांत उत्तर आलं होतं. त्यांच्याच बाजूला बिघाड होता, दुरुस्त केला आहे, तसदीबद्दल क्षमस्व. दादानं त्यावर 'ठीक' एवढंच लिहिलं होतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

त्यानं घास संपवला, हात धुतले, पुसले.

"तुहा क्लास होता ना," तो म्हणाला.